मुंग्यांना आधी कळलं

आमच्या घरातल्या आजाराचा शोध सगळ्यात आधी मुंग्यांनी लावला. मग शाळेतल्या बाईंना शंका आली, मग गावातल्या डॉक्टरांना कळलं, आणि सगळ्यांच्या शेवटी मला. मी कोण? साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट. उसाच्या रसात साखर किती, मळीत किती गेली, चिपाडात किती राहिली, हे मोजायचा पगार घेतो. पंधरा वर्षं मोजतोय. आणि माझ्या दहा वर्षांच्या पोरीच्या रक्तात साखर साचत होती, तेव्हा मी मुंग्यांचा खडू आणून बाथरूमच्या उंबऱ्यावर रेघा ओढत होतो.

हे लिहायला मला बारामतीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्यासारखे बाप माझ्याकडे सारखे येतात. मी सांगितलेलं त्यांना पटत नाही. तुमच्या चुका वाचल्या तर पटेल." हा मान आहे की अपमान, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पेरूचा वास

आम्ही लासुर्ण्याचे. घरात चौघं. मी, बायको मनीषा, माझी आई आणि ईश्वरी, म्हणजे आमची ईशू. तेव्हा ती चौथीत होती आणि शाळेच्या खो-खोच्या संघात खेळायची. तिचा 'खो' असा, की रस्त्यानं टेप फुल्ल लावून चाललेला उसाचा ट्रॅक्टरवालासुद्धा मान वळवून बघायचा.

त्या डिसेंबरात हंगाम ऐन भरात होता. मी पाळीवरून यायचो, जेवायचो, आडवा व्हायचो. ईशू तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागली. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'वर्गातून सारखी बाहेर जायची परवानगी मागते.' मी तिला समोर बसवून शिस्तीवर अर्धा तास भाषण दिलं. त्या अर्ध्या तासात ती दोनदा पाणी प्यायली आणि एकदा उठून गेली. मला वाटलं, माझा अपमान करते.

तिचे फ्रॉक ढगळ व्हायला लागले. आई म्हणाली, "पोरगी उंच व्हायला लागली की वाळतीच." बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागली. आई म्हणाली, "काळ्या हायत, मारू नगं. घरात लक्ष्मी यायची आसंल." लक्ष्मी आणि खडू यांत मी खडू निवडला, कारण मी शिकलेला माणूस.

मग एका संध्याकाळी ईशू माझ्या शेजारून गेली आणि तिच्या तोंडाला पिकलेल्या पेरूचा वास आला. शेजारच्या बागवानानं आदल्याच दिवशी, पोरं पेरू तोडतात म्हणून बोंब मारली होती.

"पेरू खाल्लास?"

"न्हाय."

"कुणाच्या बागेत शिरली होतीस?"

"न्हाय पप्पा. खरंच न्हाय खाल्ला."

"तोंडाला वास येतोय आणि वर खोटं बोलतेस?"

आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. मनीषानं कागद वाचला आणि म्हणाली, "ते ठेवा. बाकी सगळं काढलंत तरी चालेल."

मशीन म्हणालं, हाय

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशूला उलट्या सुरू झाल्या. श्वास असा जोरजोरात, की जशी काही धावून आलीय, आणि ती तर गादीवर पडून. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि ड्रॉवरमधून ते छोटं मशीन काढलं. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. मी वाकून पाहिलं. आकडा नव्हताच. दोन इंग्रजी अक्षरं होती, एच आणि आय.

मी घाबरलो की मला विनोद सुचतात. हा दोष जुना आहे. म्हणालो, "डॉक्टर, मशीन 'हाय' म्हणतंय. रामराम घालतंय का काय?"

मागून आई म्हणाली, "हाय म्हंजी? काय हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. "साखर हाय, आजी. ह्या मशीनला मोजता येत नाही इतकी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दत्ताराव, गाडी काढा. बारामती. थांबू नका कुठं."

एवढ्याशा पोरीला साखर? साखर म्हणजे आमच्या चेअरमनला असते, मामाला असते, पोट सुटलेल्या माणसांना असते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मोजता येत नाही इतकी. रोज शंभर वेळा साखर मोजणाऱ्या माणसाच्या घरात.

गाडीत ईशू मनीषाच्या मांडीवर होती. बारामती जवळ आली तेव्हा तिनं डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागते. ती म्हणाली, "पप्पा, मी पेरू न्हाय खाल्ला."

टक्के किती?

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शरीराला साखर वापरायला इन्सुलिन लागतं. ईशूच्या शरीरानं ते बनवायचं थांबवलं होतं. साखर रक्तात पडून, जास्तीची लघवीतून बाहेर, म्हणून त्या मुंग्या, आणि शरीर उपाशी. मग ते चरबी जाळायला लागतं, त्याचा असा गोडसर वास तोंडाला येतो.

"काही जणांना तो पिकलेल्या फळासारखा वाटतो," त्या म्हणाल्या.

मी खाली बसलो. खुर्ची होती का, ते न बघता बसलो. नव्हती.

मनीषा माझ्याशी दोन दिवस एकच वाक्य बोलली. "तिनं न्हाय म्हटलं होतं." तेही माझ्याकडे न बघता.

आयसीयूतले ते दिवस म्हणजे तासातासाला बोटाला टोचणं आणि बाहेर बाकावर बसून दार उघडायची वाट बघणं. दार उघडलं की सगळे नातेवाईक एकदम उभे राहायचे आणि ज्यांच्या माणसाचं नाव पुकारलं नाही ते परत बसायचे. तिथल्या सफाईच्या मावशींनी तिसऱ्या दिवशी ईशूच्या दोन वेण्या घातल्या. सलाइनची नळी सांभाळून, कुठं ओढ न बसू देता. मी आत गेलो तर लाल रिबिनी. त्या रिबिनी बघून मी पहिल्यांदा रडलो. मावशी म्हणाल्या, "रडता काय सायेब, भांग वाकडा पडलाय व्हय?"

चौथ्या दिवशी डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "रिकव्हरी छान आहे."

माझ्या तोंडून गेलं, "किती टक्के?"

त्या बघतच राहिल्या. आमच्याकडे रिकव्हरी म्हणजे उसातून साखर किती टक्के निघाली ते. पंधरा वर्षांत तो शब्द मी दुसऱ्या कशासाठी ऐकला नव्हता. मनीषाला हसू आलं. चार दिवसांतलं पहिलं. ते ओढणीत लपवून तिनं डॉक्टरबाईंना समजावून सांगितलं.

त्या दिवशीचं दुसरं मात्र हसण्यासारखं नव्हतं. डॉक्टरबाई ईशूला विचारत होत्या, "भूक लागते का?" मी म्हणालो, "लागते, पण भाजी नको म्हणते." "टोचताना दुखतं का?" मी म्हणालो, "छे, धीट आहे ती." बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला टोचलं का?"

"नाही."

"मग तिला सांगू द्या."

ईशूनं आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. मग अगदी हळू म्हणाली, "दुखतं."

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "हा आजार जाणार नाही. पण इन्सुलिन घेऊन ती सगळं करू शकते. शाळा, खेळ, सगळं. एक लक्षात ठेवा. मोजायचं तर आहेच, पण ती म्हणाली की काहीतरी होतंय, तर मशीनच्या आधी तिचं ऐकायचं." मी ते डायरीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि डायरी मिटली. ते वाक्य पुढं दहा महिने डायरीतच राहिलं.

दारातली आंघोळ

घरी आल्यावर आईनं तपास सुरू केला. आमच्या घराण्यात कुणाला साखर नाही, मनीषाच्या माहेरी नाही, मग आली कुठून? दोन दिवसांनी तिला गुन्हेगार सापडला. मी.

"ह्यो रोज कारखान्यातनं येतो अंगाला साखर घिऊन. तीच लागली पोरीला. दत्ता, उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस."

मी बी.एस्सी. आहे. खुद्द डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हे साखर खाल्ल्यानं होत नाही, कुणाकडून लागत नाही, कुणाच्या चुकीनं होत नाही. तरी मी आठ दिवस पाळीवरून आल्यावर दारात बादली घेऊन, चड्डीवर, जानेवारीच्या थंडीत आंघोळ केली. पटलं म्हणून नव्हे. कुणीतरी मला शिक्षा देत होतं, ती बरी वाटत होती. नवव्या दिवशी मनीषानं बादली आत घेतली. म्हणाली, "पुरे झाले तमाशे. तुमच्या न्युमोनियाचं कोण बघणार?"

आईचं दुसरं म्हणणं मात्र आम्ही दोघांनीही ऐकलं, आणि ती खरी चूक. आई म्हणाली, "कुणाला सांगू नगा. पोरीची जात हाय. उद्या तिला कोण करून घेईल?"

मी शाळेत अर्ज दिला. 'माझी मुलगी कु. ईश्वरी हिला पित्ताचा त्रास असल्याने...'

ईशूचं शेपूट

तिथून माझा जो कारभार सुरू झाला तो आठवला की आजही कान गरम होतात. दुपारनंतरची पाळी मागून घेतली आणि सकाळपासून शाळेच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली, मोटरसायकलवर बसायला लागलो. खिशात ग्लुकोज, पिशवीत मशीन. मधल्या सुट्टीत ईशूला भिंतीआड बोलवायचो, चोरून टोचायचो. इन्सुलिनही मीच द्यायचो. चालायचो तर तिच्या मागं एक पाऊल. पोरांनी माझं नाव ठेवलं, ईशूचं शेपूट. मला ते कळलं तेव्हा मी हसलो. ईशू हसली नाही.

आणखी एक माझा शोध. घरी आल्यापासून तिला एकटं वाटू नये म्हणून मी आधी माझ्या बोटाला टोचून दाखवायचो. "बघ, पप्पाला पण." पहिल्या आठवड्यात ते ठीक होतं. मी ते दहा महिने चालू ठेवलं. माझ्या बोटांची चाळण झाली. मनीषा म्हणायची, "कौतुक तिचं चाललंय का तुमचं?"

ईशू मात्र बारीक होत चालली. अंगानं नव्हे, अंगानं भरली होती. आवाजानं. वर्गात हात वर करेना. कुणी विचारलं, "पित्ताला सुई कशाला टोचतात गं?" तर खाली बघायची. आणि मैदानावर मी माझ्या कानानं ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही. ती धावत आली, समोर बसलेल्या पोरीच्या पाठीला हात लावला, आणि पोरगी उठलीच नाही. 'खो' ऐकूच गेला नाही. पोरगी वळून म्हणाली, "दिलास व्हय? मोठ्यानं दे की."

मला वाटलं, अशक्तपणा. मी दुधात बदाम सुरू केले.

कुणाचं बोट

ईशू आता पाचवीत. दिवाळीनंतर तालुक्याच्या सामन्यांसाठी सराव सुरू झाला. सामने इंदापूरला होते. मी तिला पाठवणार नव्हतो. तसं तिला सांगून टाकलं होतं आणि तिनं "बरं" म्हटलं होतं. हट्ट नाही, रडणं नाही. हल्ली ती सगळ्यालाच 'बरं' म्हणायची. सराव तेवढा करू देत होतो, माझ्या देखत.

एका सकाळी सरावातून ती मध्येच भिंतीपाशी आली. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"पप्पा, साखर उतरली. मला कळतंय."

"थांब. आधी मोजू."

मशीन काढलं. सवयीनं आधी माझ्या बोटाला टोचलं, थेंब लावला, आकडा बघितला. एकशे आठ.

"एकशे आठ! झकास आहे. भूक लागली असेल. पळ, खेळ."

ती हलली नाही. "पप्पा, माझे हात थरथरतायत."

आणि मी, डायरीत दोन रेघा मारलेला माणूस, म्हणालो, "मशीन खोटं बोलतं का?"

पेरूच्या दिवशीचा माझाच आवाज होता तो. तिनं तो ओळखला. मी नाही ओळखला. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या मशीनकडे बघितलं, आणि ओरडली,

"ते तुमचं बोट हाय!"

मैदान थांबलं. ट्रॅक्टर जात असता तर तोही थांबला असता.

"माझं न्हाय! तुमचं बोट हाय ते!"

मी माझ्या बोटाकडे बघितलं. त्यावर रक्ताचा थेंब होता. माझा. मला आजवर बरेच धक्के बसलेत, पण असा नाही. ईशूनं माझी वाट बघितली नाही. माझ्या खिशात हात घातला, ग्लुकोजची पुडी दातानं फाडली, तोंडात ओतली. खाली बसली. नवी पट्टी लावून स्वतःच्या बोटाला स्वतः टोचलं. मी कधी करू दिलं नव्हतं, शिकवलं नव्हतं. दहा महिने बघून बघून शिकली होती. मशीन माझ्यासमोर धरलं. बावन्न.

"बघा," ती म्हणाली.

शाळेतल्या बाई धावत आल्या. "काय झालं? हे काय गं ईशू?"

मी तोंड उघडलं. "पित्त..."

"पित्त न्हाय, बाई," ईशू म्हणाली. हात अजून थरथरत होते, आवाज नाही. "मला डायबेटिस आहे. साखर उतरली की गोड खायचं, चढली की इन्सुलिन घ्यायचं. मला कळतं, आता उतरलीय का. पप्पांना कळत न्हाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "वर्षभर पित्त?"

भिंतीवर बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "ए, दुखतं का?"

"दुखतं," ईशू म्हणाली. "पण तू गुडघा फोडून घेतलास तेवढं न्हाय."

पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, साखर वर आली होती. बाईंनी माझ्याकडून सगळं नीट लिहून घेतलं. साखर उतरल्याच्या खुणा, काय द्यायचं, फोन कुणाला करायचा. मग म्हणाल्या, "आता घरी जा, दादा. लिंबाखालची जागा मोकळी करा."

घरी आल्यावर ईशूनं जेवताना सांगितलं, "मी इंदापूरला जाणार. इन्सुलिन माझं मी घेणार, बाईंसमोर. आणि पप्पांनी यायचं न्हाय."

मी मनीषाकडे बघितलं. ती म्हणाली, "ऐकलंत ना? आता मशीन आणू, का तिच्या बोलण्यावर भागेल?"

पुढचा महिनाभर आम्ही तिला शिकवलं. खरं तर तिनं आम्हाला दाखवलं आणि आम्ही मान हलवली. डॉक्टरबाईंनी स्वतः तिची परीक्षा घेतली. या वेळी सगळी उत्तरं तिनं दिली. मी ओठ दाताखाली धरून बसलो होतो.

इंदापूर

सामन्याच्या सकाळी मी पँट चढवली. मनीषा म्हणाली, "कुठं?"

"जरा इंदापूरला जाऊन येतो. तहसीलमध्ये उताऱ्याचं काम आहे."

"आज शनिवार. तहसील बंद."

मी पँट बदलली.

तो दिवस कसा गेला ते मुंग्यांना विचारा. मी घरातल्या सगळ्या फटी बुजवल्या. दुपारी राहवेना, बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दादा, मॅच चालू आहे, ठेवते." ठेवायच्या आधी तीन सेकंद गेले असतील. त्या तीन सेकंदांत मागून आलं,

"खो!"

मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. माझ्या तोंडाकडे बघून आई म्हणाली, "काय झालं रं?" मी मोबाईल तिच्या कानाला लावला, तोवर तो बंद झाला होता.

संध्याकाळी शाळेची जीप दारात आली. एका गुणानं हरले होते. ईशू धुळीनं माखलेली, गुडघा सोललेला, रिबीन एकच. ती माझ्या शेजारून आत गेली आणि मला वास आला.

पिकलेल्या पेरूचा.

तोंडावर सगळे प्रश्न आले, त्याच क्रमानं आले. मी ते गिळले. तोवर ईशूनं पिशवीतून मशीन काढून बोटाला टोचलं होतं. माझं बोट मी मुठीत धरून ठेवलं.

आईनं विचारलं, "काय म्हणतंय? हाय म्हणतंय का?"

"न्हाय, आज्जी. आकडा म्हणतंय. चांगला."

मग ती माझ्याकडे वळली. जवळजवळ वर्षभर ती या वाक्याची वाट बघत होती, असं मला वाटलं.

"पप्पा, आज पेरू खाल्ला. चोरून. येताना गाडी थांबली होती तिथं बाग होती. अर्धाच खाल्ला, आणि इन्सुलिन घेतलं आधी, बाईंसमोर."

"बाईंसमोर? मग बाई काही बोलल्या नाहीत?"

"त्यांनी पण एक खाल्ला. त्यांना वाटलं, विकतचा हाय."

"कुणाची बाग होती?"

"ते न्हाय सांगणार."

तिनं पिशवीत हात घातला. रुमालात गुंडाळलेला अर्धा पेरू काढला, दातांच्या खुणांसकट, आणि माझ्या हातावर ठेवला. ज्या हातानं धपाटा घातला होता, त्याच हातावर. मुद्दाम ठेवला का, ते मी विचारलं नाही.

मी तिथंच उंबऱ्यावर बसून तो खाल्ला. गोड होता. किती, ते मी मोजलं नाही.